सागाच्या पानावरचे केस

"सैल घातली तर वेणी टिकायची कशी, माय?"

कातरीनमाय अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या हाताने परतत राहिली.

फिलोमेना उन्हात उभी होती. यल्लापूरहून रानातली वाट चालून ती वाडीवर आली होती. हातात फण्या-कात्र्यांचा पत्र्याचा डबा. डोक्याला घट्ट बांधलेला सुती रुमाल.

"मी घातलेली वेणी तीन महिने हलत नाही," ती म्हणाली. "बंगळुरात शिकलेय मी. बेळगावात माझं स्वतःचं पार्लर आहे. आफ्रिकेतून कॉलेजला आलेल्या मुलीसुद्धा माझ्याकडेच वेण्या घालून घेतात."

"बरं."

"एक केस इकडचा तिकडे होत नाही."

"मग इथवर कशाला आलीस गे?"

...

फिलोमेनाने डबा खाली ठेवला.

ही वाडी सिद्दींची. यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आले आणि या रानात राहिले. बोली इथली झाली, जेवणखाण इथलं झालं. केस मात्र तिकडचेच राहिले. दाट, बारीक, स्वतःभोवतीच गुंडाळलेले. फणी घातली की अडकणारे, ओढले की तुटणारे.

फिलोमेना याच वाडीत जन्मली. दहाव्या वर्षी शाळेसाठी बेळगावला मावशीकडे गेली आणि तिकडचीच झाली.

कातरीनमाय कधी कुठे गेली नाही. सत्तरी उलटली होती तिची. तिचा हात लागलेल्या डोक्यावरचा केस तुटत नाही, असं आसपासच्या वाड्यांत सगळे सांगायचे. तिला रानातली कसलीशी मुळी ठाऊक आहे, असंही सांगायचे.

फिलोमेना त्या मुळीसाठी आली होती.

"त्या मुळीचं नाव तेवढं सांग, माय. तेल मी करीन. बाटलीवर तुझंच नाव घालीन."

"मुळी-बिळी काही नाही."

"सगळे म्हणतात."

"कोणी बघितलीय?"

फिलोमेनाने रुमालाची गाठ चाचपली.

म्हातारीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"रुमाल काढ."

फिलोमेनाचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. वर्षभर तिने कुणासमोर तो काढला नव्हता. पार्लरमध्ये नाही, मावशीसमोर नाही.

"काढ की. इथे सुपाऱ्या आहेत आणि मी आहे."

तिने रुमाल काढला.

आत बारीक, लांब, चकचकीत वेण्या होत्या. शंभरेक तरी. एकसारख्या, आखून काढल्यासारख्या. आणि दोन्ही कानशिलांवर दोन-दोन बोटं जागा उघडी पडली होती. तिथली कातडी तुकतुकत होती.

"ह्या कोणी घातल्या?"

"मीच. आरशात बघून."

"हात चांगला आहे तुझा," कातरीनमाय म्हणाली.

ते ऐकून फिलोमेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते तिलाही कळलं नाही.

*

म्हातारीने ओसरीवर पाट मांडला. शेजारी पाण्याचा तांब्या आणि खोबरेलाची वाटी ठेवली. फिलोमेनाला पुढ्यात बसवलं.

फिलोमेनाने डब्यातून कात्री काढून मागे दिली. "खालून कापून टाक. पटकन सुटतात."

कातरीनमायने कात्री घेतली, डब्यात ठेवली, डबा लावला.

मग एक वेणी तळहातावर घेऊन तिने तिचं वजन पाहिलं.

"हे काय विणलंयस आत?"

"नायलॉनचे केस. लांब दिसायला घालतात."

"आणि ह्या बारक्या केसाने हे सगळं वाहायचं?"

...

तिने बोटं पाण्यात बुडवली. वेणीचं टोक ओलं केलं, चिमटीत धरलं आणि खालून एकेक पेड सोडवायला लागली. गाठ लागली की पुन्हा पाणी, मग तेलाचं बोट. नायलॉन सुटलं की ते बाजूला टाकायची. ओढलं एकदाही नाही. गाठीवर बोट ठेवून ती थांबायची, आणि गाठ आपोआप ढिली व्हायची.

एका वेणीला एवढा वेळ लागला की तेवढ्यात फिलोमेनाने चार वेण्या घातल्या असत्या.

"माय, अशाने दुपार होईल."

"होऊ दे."

अंगणातली सावली आखडत ओसरीपाशी आली. फिलोमेनाच्या मांडीवर गळलेल्या केसांचा पुंजका जमत गेला. मूठभर झाला, मग ओंजळभर.

"माय... टक्कल पडणार मला."

"ते पडलेलं सागाचं पान घे. आता एकेक केस उजेडात धर. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तो पानाच्या ह्या बाजूला ठेव. नसेल तो त्या बाजूला."

"एवढे सगळे?"

"एवढे सगळे."

फिलोमेनाने पान पुढ्यात ओढलं. पाठीमागे म्हातारी वेण्या सोडवत होती, पुढे ती केस निवडत होती.

पानाच्या एका बाजूला लांब केसांचा ढीग झाला. प्रत्येकाच्या टोकाला मोहरीहून लहान, पांढरा ठिपका. दुसऱ्या बाजूला नुसते तुकडे. पापणीच्या केसाएवढे. दोन्ही टोकांना काही नाही.

"ठिपकेवाले मुळासकट आपले आपण निघालेत," कातरीनमाय म्हणाली. "रोजचेच असतात. वेणीत अडकून राहिले होते, आज बाहेर पडले. त्यांचे दिवस भरले होते. त्यांच्यासाठी रडू नकोस."

"आणि हे?"

"ह्यांचे भरले नव्हते."

फिलोमेना त्या तुकड्यांकडे बघत राहिली. सात वर्षं ती हे काम करत होती. रोज संध्याकाळी असले तुकडे तिने झाडूने गोळा करून टाकले होते. एकदाही उजेडात धरून पाहिले नव्हते.

वारा आला. तिने झटकन पानावर हात धरला.

*

"एवढं ओढायला कोणी शिकवलं तुला?"

"बंगळुरात, तिथल्या..."

"त्याच्या आधी."

...

"शाळेत," फिलोमेना म्हणाली. मग थांबली.

मागची बोटंही थांबली.

"पोरी माझ्या केसांत पेन्सिली खोचायच्या. पडतात की राहतात ते बघायला. वर्गातली सगळी हसायची. मग मी घरून निघताना तेल थापायचे आणि इतके ओढून बांधायचे की डोळे ताणले जायचे. कपाळ ठणकायचं दिवसभर. पण पेन्सिल आत जायची नाही."

"किती वर्षं झाली?"

"सोळा."

"त्या पोरी कुठेत आता?"

"काय माहीत. लग्नं झाली असतील."

"मग अजून कोणासाठी ओढतेस?"

फिलोमेनाने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. म्हातारीने तिला रडू दिलं. पाण्यात बोटं बुडवली आणि पुढची वेणी हातात घेतली.

*

सगळ्या वेण्या सुटल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

कातरीनमायने केस पाण्याने भिजवले, वरून तेलाचा हात फिरवला. रुंद दातांच्या लाकडी फणीने टोकांकडून वर वर येत विंचरले. मग वेण्या घातल्या, करंगळीएवढ्या जाड, नायलॉनशिवाय. कपाळावरचे आणि कानशिलांवरचे कोवळे केस तिने वेणीत घेतलेच नाहीत, मोकळे सोडले.

प्रत्येक वेणीची सुरुवात केली की ती म्हणायची, "भुवया उचल."

फिलोमेना भुवया उचलायची. कातडी ताणली जाते का ते म्हातारी बोटाने बघायची. एका वेणीला ताण वाटला, तर ती अर्धी झालेली सोडून तिने पुन्हा घातली.

"ही पंधरा दिवसांत सुटायला लागेल, माय."

"लागू दे. वेणी सुटेल, केस राहील."

"गिऱ्हाईक म्हणेल, मला कामच येत नाही."

"म्हणेल."

"आणि तो सुती रुमाल नको झोपताना," थोड्या वेळाने म्हातारी म्हणाली. "तो केसातलं पाणी पितो. गुळगुळीत साडीचा तुकडा घे. आणि वेण्या सोडल्यावर लगेच दुसऱ्या घालायच्या नाहीत. चार दिवस डोकं नुसतं असू दे."

फिलोमेना हसली. कडवट हसली.

"एवढं करून काय होणार? आपल्या लोकांचे केस वाढतच नाहीत, माय. खांद्याच्या खाली गेलेले कोणी बघितलेत?"

मागची बोटं केसांतून निघाली.

फिलोमेना वळली.

कातरीनमाय डोक्यावरचं फडकं सोडत होती. वाडीत कोणी तिला त्या फडक्याशिवाय पाहिलेलं नव्हतं. फिलोमेनाला वाटलं, आत काही उरलं नसेल. म्हातारीचं डोकं, विरळ पांढरा भुसा.

आत पांढऱ्या वेण्या होत्या. जाड, डोक्याभोवती दोन वेढे घेऊन बसलेल्या. शेवरीच्या कापसासारख्या पांढऱ्या.

म्हातारीने त्यांतली एक खालपासून वरपर्यंत सोडली. केस उसळून कानापाशी गोळा झाले, ढगासारखे.

"धर. एकच बट. टोकाला धर आणि हळू खाली आण."

फिलोमेनाने धरली. खाली आणायला लागली. खांदा आला, बट संपली नाही. कोपर आलं. कंबर आली. फिलोमेना पाटावरून उठून गुडघ्यांवर बसली, तरी बट संपेना. शेवटी तिची चिमूट ओसरीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीला टेकली, तेव्हा बट संपली.



"सोड," कातरीनमाय म्हणाली.

तिने सोडली. पांढरी बट वर चढत गेली, वळली, गुंडाळली, आणि पुन्हा कानापाशी जाऊन बसली. जशी कधी खाली आलीच नव्हती.

फिलोमेना गुडघ्यांवर तशीच राहिली. दहा वर्षांची असल्यापासून ज्याला ती रोज आवळत आली होती, ते हे होतं. आपल्या डोक्यावर काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने हात जोडले नाहीत, पाया पडली नाही. तिला ते सुचलंच नाही. ती नुसती बघत होती, देवळात पहिल्यांदा गेलेलं लेकरू बघतं तशी.

"लपवून का ठेवतेस हे?" तिने कुजबुजत विचारलं.

"लपवत नाही. सांभाळते."

...

उघडे केस वाऱ्यावर हलत होते. फिलोमेनाने आपले हात बघितले. मग तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली.

"माय, ही मी घालू?"

कातरीनमायने मान डोलावली आणि पाठ करून बसली.

फिलोमेनाने केस ओले केले. तेलाचं बोट फिरवलं. तीन पेड हातात घेतले. शंभर-शंभर वेण्या दिवसाकाठी घालणाऱ्या तिच्या हातांनी ते सैलच धरले. पहिला पेड दुसऱ्यावर ठेवण्याआधी ती थांबली.

"माय... दुखलं तर सांग हं."

कातरीनमायने डोळे मिटले.

"विचारलंस ना? मग नाही दुखायचं."