पान सत्त्याऐंशी

कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटांना बिजागऱ्या बसवायला गेलो होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. रेवती ठोसर मिठाच्या जुन्या व्यापारावर प्रबंध लिहीत होती. आधीच्या संशोधनाचा तिचा आढावा तिचे मार्गदर्शक डॉ. निमकर यांनी दोनदा परत केलेला. आज तिसऱ्यांदा परत आला, तर नोंदणीच रद्द. पोरगी पार थकून गेली होती.

"हा संदर्भ खोटा आहे!" निमकर गरजले. "पान सत्त्याऐंशीवर असलं काही नाही. तीन वर्षं पुस्तक माझ्या घरी होतं, अक्षर न् अक्षर वाचलंय मी."

"म्हणूनच सर, ग्रंथालयाच्या बाईंनी मला दुसऱ्या गावाहून प्रत मागवून दिली," रेवती कशीबशी म्हणाली.

ग्रंथपाल गंगुर्डेबाईंनी सरांकडून कालच परत आलेली प्रत समोर ठेवली. पुस्तक जुन्या पद्धतीचं. कडेला जोडलेली पानं वाचणाऱ्यानंच कापून मोकळी करायची. पहिली वीसेक पानं कापलेली होती, पुढची सगळी जोडलेलीच.

"सर, सुरी देऊ का?" बाई म्हणाल्या. "सत्त्याऐंशीवर काय आहे, ते आपण मिळूनच बघू."

निमकरांनी सुरीऐवजी पेन मागितलं आणि आढाव्यावर मंजुरीची सही केली.

रेवती हसलीसुद्धा नाही. खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "बाई, जरा पाणी द्या."