दुसऱ्या खुर्चीतला डग्गा

एकदा एक निवृत्त गृहस्थ ध्वनियंत्रांच्या एका जुन्या दुकानात आले. दुकान एका वृद्ध कारागिराचे होते; सारे त्यांना मास्तर म्हणत. दहा वर्षे त्यांच्या हाताखाली शिकलेला एक शिष्य आता गिऱ्हाईक सांभाळी. विद्येने माणूस नम्र होतो, असे आपण म्हणतो खरे. पण अर्धी विद्या झाली की तो आधी जरा फुगतो. हा शिष्य नेमका त्याच मुक्कामाला होता.

गृहस्थांचा जुना रिसीव्हर, म्हणजे खोक्यांना आवाज पुरवणारे यंत्र, बंद पडला होता. नवा हवा होता तो पेन्शनीत बसणारा, आणि त्याला दोन सबवूफर जोडता यायलाच हवेत, असा त्यांचा हट्ट होता. सबवूफर म्हणजे खर्जाचे खोके. डग्ग्याचा भरीव नाद त्यातून येतो. शिष्याने दोन रिसीव्हर पुढे मांडले. महागड्यावर दोन्ही खोकी वेगवेगळी जुळवता येत. स्वस्तातल्याला मागे जोडण्या दोन असल्या तरी आत वाट एकच. एका खोक्याला जे मिळेल तेच दुसऱ्याला. मग ऐकायला किती जण बसतात, असे त्याने विचारले. मी एकटाच, असे गृहस्थ म्हणाले. शिष्याला हसू आले. एका डोक्याला दोन टोप्या कशाला, असे तो म्हणाला. दुसरे खोके आवाज वाढवायला नसते, निरनिराळ्या जागी बसणाऱ्यांना खर्ज सारखा मिळावा म्हणून असते, हेही त्याने समजावले. त्यात खोटे काही नव्हते.

मास्तर आत एका तारेला डाग देत बसले होते. त्यांनी हातातले काम खाली ठेवले आणि स्वस्तातला रिसीव्हर बांधून घ्यायला सांगितले. खोली बघू, मग ठरवू, एवढेच ते म्हणाले.

गृहस्थांच्या घरी खोलीच्या मध्यावर वेताच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. एकीचा वेत नवा विणलेला होता. दुसरीवर एक शाल घडी करून ठेवली होती. ती खुर्ची हेमलताची, असे गृहस्थांनी सांगितले. हेमलता म्हणजे त्यांची पत्नी. तिला जाऊन दहा महिने झाले होते. मास्तरांनी, ती शाल उचलाल का, असे विचारले. गृहस्थांनी ती उचलून छातीशी धरली. मग कोपऱ्यातले जुने जड खोके मास्तरांनी शिष्याकरवी त्या रिकाम्या खुर्चीवर ठेववले, नव्या रिसीव्हरला जोडले आणि तबल्याची एक ध्वनिमुद्रिका लावली. नंतर पंच्याहत्तरीचे मास्तर स्वतः जमिनीवर टेकले आणि गुडघ्यांवर रांगत, कान खाली करून, भिंतींच्या कडेने फिरू लागले.

शिष्याला ओशाळल्यासारखे झाले. माईक खुर्चीवर ठेवला की यंत्र आपणच खोली मोजते, हे काय मास्तरांना ठाऊक नव्हते? शिवाय ज्या खुर्चीत कोणी बसणार नाही तिच्यासाठी हा खटाटोप कशाला, असेही त्याला वाटले. पण मास्तर रांगतच राहिले. समोरच्या भिंतीच्या मध्याशी ते थांबले, तिथे खडूची खूण केली. मग पाठीमागच्या भिंतीच्या मध्याशी दुसरी.

तेवढ्यात गृहस्थ बोलू लागले. हेमलता तरुणपणी थोडा तबला शिकलेली होती. इथे बसली की म्हणायची, मला नुसती तबल्याच्या काठावरची चाट ऐकू येते, डग्गा येतच नाही. तिचे लक्ष स्वयंपाकघरात असते म्हणून येत नाही, असे हे म्हणायचे. मग तिने सांगणे सोडले, पुढे बसणेही सोडले. ती गेल्यावर यांची खुर्ची विणायला दिली होती, म्हणून हे पहिल्यांदा तिच्या जागी बसले.

"खरंच येत नव्हता हो," ते म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हापासून ती खरं सांगत होती."

आठ वर्षे म्हटल्यावर शिष्याने खोलीकडे नीट पाहिले. जुने यंत्र इथे त्यानेच बसवले होते. माईक त्याने घरधन्याच्या खुर्चीवर ठेवला होता. चहा घेऊन आलेल्या एका बाईंनी पलीकडच्या खुर्चीत बसून काहीतरी सांगितले होते, आणि कपातून नजर वर न काढता तो म्हणाला होता, काकू, यंत्र खोटं बोलत नाही. त्याचे डोळे भरून आले. त्याने ते सारे गृहस्थांना सांगितले. ते रागावले नाहीत. मीही तेच म्हणत होतो, एवढेच म्हणाले.

मास्तर भिंतीला धरून उठले. "आवाजाची वाट जातायेता सारखीच असते," ते शिष्याला म्हणाले. "तिच्या जागेवरून निघालेला डग्गा जिथे भरून ऐकू आला, तिथे खोकं ठेवलं की तो तिच्या जागी पोहोचतो. या दोन खुणा दोन्ही खुर्च्यांपासून सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून स्वस्तातलं यंत्र पुरेल. यंत्र खोटं बोलत नाही, हे तुझं खरंच होतं. पण ते फक्त त्याच खुर्चीचं खरं सांगतं, जिच्यावर तू त्याला बसवतोस. त्या बाई तुला दुसऱ्या खुर्चीचं खरं सांगत होत्या. खोली दुरुस्त होईल. त्यांचं ऐकायचं राहून गेलं, ते मात्र आता होणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुसरे खोके आले. शिष्याने दोन्ही खोकी खुणांवर ठेवली आणि कोणी न सांगता माईक आधी हेमलताच्या खुर्चीवर ठेवला. मोजणी झाली, तबला सुरू झाला. गृहस्थ तिच्या जागी थोडा वेळ बसले. डग्गा आला. मग ते उठले, शाल पुन्हा घडी करून तिथे ठेवली, आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि सुरुवातीपासून लावायला सांगितले.

आपल्या घरातले माणूस ऐकू येत नाही असे म्हणते, तेव्हा त्याच्या कानांची चौकशी करण्याआधी उठून त्याच्या जागी बसून यावे. आणि ते माणूस आहे तोवर यावे.