उलटला!

चूक म्हाताऱ्या वेंगची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ताओवेई बंदरात ही गोष्ट सांगणारे सगळेच शेवटपर्यंत वाऱ्याला, लाटेला, नाहीतर दैवाला दोष देत बसतात.

ताओवेई हे चीनच्या फूजियान किनाऱ्यावरचं मासेमारीचं बंदर. खडकांच्या कुशीत दगडी घरं, धक्क्यावर वाळत घातलेली जाळी, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळे रंगवलेल्या लाकडी होड्या. दोन दिवस समुद्राची हवा खायला लोक येतात, कालवं खातात, फोटो काढतात, जातात. पण इथल्या खाणावळीत एक प्रकार चालतो आणि बाहेरचा माणूस तिथे हमखास गोंधळतो. ताटात अख्खा मासा येतो. वरची बाजू खाऊन झाली की घरातली सर्वात धाकटी सून काड्यांनी तो मासा उलटा करते आणि मोठ्याने ओरडते, "उलटला!" लगेच सगळे बसल्या जागेवरून उठून उभे राहतात. हातातला घास तसाच ठेवून. मग बसतात आणि उरलेला मासा खातात.

आम्ही तर जास्तच गोंधळलो, कारण माझ्या मामाला चीन कळतो. म्हणजे त्याचं तसं म्हणणं आहे. गजूमामा बारा वर्षं तिकडे व्यापार करतो. मी मासा उलटायला गेलो तेव्हा त्याने माझ्या हातावर फटका मारला होता.

"गाढवा, कोळ्यांच्या गावात मासा उलटत नाहीत. मासा उलटला की होडी उलटते. काटा काढायचा आणि खालचं खायचं. चार माणसांत बसायची अक्कल नाही तुला."

एवढ्यात खाणावळीच्या मालकीणबाईंची सून आली आणि तिने आमचाच मासा पालथा केला. "उलटला!" सगळी खाणावळ उभी. मीही उठलो. मामा एकटा तोंड उघडं टाकून बसून राहिला.

"हे कसं काय?" तो मला विचारायला लागला. जणू मीच इथला.

मालकीण हुआंग आजी हसून आमच्या बाकावर टेकली. म्हणाली, "बाकी सगळीकडे तुझंच बरोबर आहे, बाळा. फक्त इथे नाही." पन्नाशीच्या मामाला बाळ म्हणाली, ते मला फार आवडलं. मग तिने ही गोष्ट सांगितली. ती सांगत होती, मामा मराठीत करत होता आणि मध्येमध्ये अडत होता. कारण सगळी गोष्ट एका शब्दावर आहे.

फार पूर्वी, असं सांगतात, ताओवेईतही उलटा मासा चालत नसे. होडीवर 'उलटणे' हा शब्दही कोणी काढत नसे. एवढं तर किनाऱ्यावर सगळेच पाळायचे. आपल्याकडे नाही का, बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण वेंग हा गावचा म्होरक्या होता आणि म्होरक्याला तेवढ्यावर भागत नाही. एका वर्षी एक होडी बुडाली. आदल्या दिवशी त्या होडीवरच्या एका खलाशाने तो शब्द उच्चारला होता, असं कोणीतरी वेंगच्या कानावर घातलं. होडीची फळी कुजली होती, हेही घातलं होतं म्हणे. ते त्याने ऐकलं नाही.

वेंगने तो शब्द जमिनीवरही बंद केला. घरात, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत. जो बोलेल त्याने खाऱ्या पाण्याने चूळ भरायची आणि समुद्रदेवीच्या देवळापुढे गुडघे टेकून माफी मागायची. तव्यावरचं कालवांचं घावन उलटायचं असलं तर बायका म्हणायच्या, "जरा फिरव गं." बाळ पहिल्यांदा पालथं पडलं की आई शेजारणीला सांगायची, "फिरलं हो माझं बाळ!" कोणी 'पालथं' म्हटलं, वेंगने तोही शब्द बंद केला. कोणी 'उपडं' म्हटलं, तोही गेला. कोणी नुसता पंजा फिरवून दाखवला, तर तसा हात करायलाही बंदी आली. शेवटी एकच शब्द शिल्लक राहिला: फिरणे.

मामा इथे अडला. त्यांच्या बोलीत या शब्दाचा दुसरा अर्थ घराकडे वळणे असाही होतो, म्हणाला. मी म्हटलं, आपल्यातही होतो की. होडी फिरली, म्हणजे परत निघाली.

वेंगला एकुलता एक मुलगा होता, आ-शुन. त्याची बायको आ-यिन, नवी नवरी. एका दुपारी ती बंदराच्या तोंडाशी असलेल्या सुळक्यावर कालवं फोडायला गेली होती. होड्या येण्याची वेळ होती. एकदम वारा फिरला आणि सुळक्यापलीकडे, गावातून दिसणार नाही अशा जागी, तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याची होडी उलटली. तीन डोकी वर आली. तिघांनी पालथ्या होडीला हात घातले. जवळच होती. वल्ही मारत कोणी गेलं असतं तर तिघांनाही उचलून आणता आलं असतं.

ती धावत खाली आली. तोंडातून काय निघालं? जे लहानांपासून थोरांपर्यंत सगळे म्हणत तेच.

"फिरली! आ-शुनची होडी फिरली!"

आणि गाव खूश झालं. बायकांनी आल्याचं पाणी उकळायला ठेवलं. देवळाच्या पायरीवर बसून वेंग नैवेद्याच्या माशाची वाट बघत होता. सुनेला बघून हसला म्हणे.

"फिरली ना? मग रडतेस कशाला? अजून नवी आहेस. सवय होईल."

"तशी नाही हो बाबा! दुसरी फिरली!"

"दुसरी पण फिरली?" शेजारची म्हातारी टाळ्या पिटत म्हणाली. "अगं, माझ्या लेकाची असेल!"

आ-यिनने पंजा वर केला आणि फिरवून दाखवायला लागली. वेंगने तिचं मनगट धरून हात खाली दाबला. "चारचौघांत असलं काही करू नकोस." ती त्याच्या पायाशी बसली. उठली. पुन्हा म्हणाली, फिरली. सगळे पुन्हा हसले. गावात एकाच्याही डोक्यात येईना, की आनंदाची बातमी आणणारी बाई स्वतःचे केस का उपटतेय.

तेवढ्यात कोणीतरी नैवेद्याचं ताट आणून ठेवलं. वाफवलेला मासा, वर आल्याचे काप. आ-यिनने दोन्ही हातांनी तो गरम मासा धरला, देवीसमोर पालथा आपटला आणि ओरडली, "उलटली! होडी उलटली! तुमचा मुलगा पाण्यात आहे!"

आता तरी कळलं? कळलं. सगळ्यांना कळलं. आणि कोणी हललं नाही. धडधाकट पुरुष वल्ह्यांपाशी उभे राहून वेंगच्या तोंडाकडे बघत राहिले. हे सांगताना हुआंग आजीचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, का नाही गेले? ती म्हणाली, थोर माणूस होता ना तो.

वेंग म्हणाला, "आधी चूळ भर. शब्द मागे घे. अशा तोंडाच्या निरोपावर होड्या काढल्या तर त्याही जातील."

तिने चूळ भरली. गुडघे टेकले. माफी मागितली. देवीची, सासऱ्याची, माशाचीसुद्धा मागितली म्हणतात. मग वेंगने मान हलवली आणि होड्या निघाल्या.

सुळक्यापलीकडे दोघे सापडले. होडीच्या पोटाला नखं रुतवून पडले होते. आ-शुन त्यांच्यात नव्हता. ते म्हणाले, आत्ताच हात सुटला. शेवटपर्यंत विचारत होता, सुळक्यावर आ-यिन होती ना रे, तिने बघितलं ना, मग कोणी येत का नाही?

पुढचं प्रत्येक जण वेगळं सांगतं. हुआंग आजी म्हणते, आ-यिन त्याच संध्याकाळी घराघरांत गेली, प्रत्येक ताटातला मासा उलटा करत आणि ओरडत. ज्या घरात लोक उठून उभे राहिले तिथेच तिने घोटभर पाणी घेतलं. शेजारच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, छे, ती माहेरी गेली, ही पद्धत तिच्या चुलत जावांनी पाडली. मामाने त्याला विचारलं, मग वेंगला पश्चात्ताप झाला की नाही? तर तो म्हातारा म्हणाला, "कसला? वेंग मरेपर्यंत म्हणत होता, तिने तो शब्द उच्चारला आणि त्याच क्षणी माझ्या मुलाचा हात सुटला. खोटं कसं म्हणणार? वेळ तर जुळते."

मामाने मान डोलावली. "हं. वेळ जुळते खरी."

वेळ जुळते! चूळ भरायला लागलेली वेळ कोणीच धरत नव्हतं. मी मामाला तसं म्हणालो. तो म्हणाला, मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालू नये. बाहेरगावी तरी निदान.

आजही ताओवेईत लेकरू बोलायला लागलं की आई-बापाच्या नावाआधी त्याला 'उलटणे' हा शब्द शिकवतात. आजही मासा उलटला की माणसं उठतात. पण जरा नीट बघितलं तर कळतं, की म्हातारे आधी एकमेकांकडे बघतात, कोण उठतंय ते. तरणी माणसं उठल्यावर मगच ते उठतात. का उठायचं, असं विचारलं तर निम्मे म्हणतात सुनेच्या धाडसासाठी. निम्मे म्हणतात, तो शब्द ऐकला म्हणून देवीची क्षमा मागायला. एकाच खाणावळीत, एकाच माशासाठी.

वेंग पुढे पुष्कळ वर्षं जगला आणि म्होरक्याच राहिला. त्याला एकच मुलगा होता. तो बुडाला.