हैबतीने न घेतलेली राख

हे मी बाहेर सांगायचं नाही, असं घरात बजावलंय. तरी सांगते, कारण उद्या जत्रा आहे.

पुष्कळ पावसाळ्यांआधी आमच्या गावात केरबा नावाचा दोरवाला होता. विहीर खणणाऱ्यांना दोराने खाली सोडायचं आणि वर ओढायचं, हे त्याचं काम. राहायचा गावकुसाबाहेर. त्याची मूठ अशी, की वाळलेली घोंगडी पिळली तरी ओंजळभर पाणी निघायचं, असं म्हणतात.

तालमीतले पैलवान नाल उचलायचे. नाल म्हणजे मधे मूठ कोरलेला जड दगड. त्यांचे खांदे दारात मावत नसत, पण नाल छातीपर्यंत आली की बोटं उघडायची. मग दुपारी गाव पेंगलं की ते गुपचूप केरबाकडे जायचे. केरबा त्यांना ओल्या वाळूची घागर नुसत्या बोटांनी काठाला धरून टेकडी चढायला लावायचा. चिंचेच्या फांदीला लटकवायचा. भिजलेली घोंगडी पिळायला द्यायचा.

त्यांचा म्होरक्या हैबती म्हणायचा, "केरबा, आम्ही पैलवान का धुणेकरी?"

"पिळा, मालक. उचलायला खांदे पुरतात, धरून ठेवायला बोटंच लागतात. आणि हाताला तेल असलं तर आधी राख चोळा."

सगळे तिथे शिकले. पाणी मात्र तिथलं कुणी प्यायलं नाही.

एका उन्हाळ्यात देवळामागची विहीर ढासळली. आत सात जण होते. केरबाने एकट्याने दोर धरून सहा जण वर काढले. दोर तळहातात इतका रुतला, की दोरावरच त्याच्या हाताच्या रेषा उमटल्या, असं म्हणतात. सातव्याचा पाय दगडाखाली अडकला होता. तेव्हा केरबा स्वतः उतरला आणि दोर हैबतीच्या नि आणखी तिघांच्या हातात दिला. ते मालिश अर्धी सोडून आले होते. केरबाच्या बायकोने, सरूने, आपल्या चुलीतली राख परातीतून आणली.

"हाताला चोळा, मालक."

हैबती म्हणाला, "तुमच्या चुलीची? ठेव खाली."

मग त्या तिघांनीही हात मागे घेतले.

सातवा वर आला. त्याच्यामागून केरबा निघाला. तो अर्ध्यावर असताना दोर हातांतून सटकला.

त्या विहिरीत आजही दोर सोडला, तर खालून कुणीतरी घट्ट धरतं, असं म्हणतात.

तेव्हापासून जत्रेत नाल उचलण्याआधी प्रत्येक जण केरबाचं नाव घेऊन हाताला राख चोळतो. ती राख केरबाच्या वस्तीतून येत नाही. राखेचा मान हैबतीच्या घराण्याला आहे, म्हणजे आम्हाला. हैबती माझे खापरपणजोबा. आमच्याकडे सांगतात, दोर कुजका होता, तुटला.

तो दोर देवळात टांगलेला आहे. मी टोकापासून टोकापर्यंत पाहिलाय. कुठेही तुटलेला नाही.

उद्या परात पहिल्यांदा माझ्या हातात असेल. राख कुठल्या चुलीची, हे बघून कुणाला ओळखता येत नाही. म्हणून मी पहाटे उठून सरूच्या नातसुनेकडे जाणार आहे आणि तिला—

"प्रांजल, राख चाळलीस का गं?"

आले, आई.