रिमेकचं विरजण

"अक्का, चोरी कुणाची वाईट? हॉलिवूडवाल्यांची का माझी?"

विचारणारा दिग्विजय. लहानपणी तानूअक्कांच्या मठात शिकला, आता पहिला सिनेमा काढायला निघालेला. पोरगं हुशार, पण हुशारीचा माज. मुहूर्ताचा नारळ मांडीवर घेऊन उंबऱ्यात ठाण मांडून बसला होता. अक्कांनी नारळाला हात लावल्याशिवाय उठायचंच नाही, असं ठरवून आलेला.

अक्का ताक घुसळत होत्या. "चोरी काय ते तरी सांग."

"मूळ सिनेमा पोलंडचा. बायको मेलेला म्हातारा. रोज टेबलावर तिची बशी मांडतो आणि गप्प जेवतो. बस्स. हुंदके देऊन रडलो मी."

"आणि हॉलिवूडचा?"

"वाट लावली त्यांनी! म्हाताऱ्याच्या तोंडी भाषण घातलं. वर पाऊस. पोतंभर व्हायोलिनं. शेवटी एक नवी बाईसुद्धा गाठून दिली."

"लोक रडले?"

"...रडले. पण ते रडणं फुकटचं."

"लोकांच्या डोळ्यातलं पाणी तपासायला तू कोण रे, फौजदार?"

दिग्विजयचे कान तापले.

"मी तसं करणार नाही, अक्का. मूळ आहे तस्संच उतरवणार. तेच टेबल, तीच बशी, तीच शांतता. काडीचा फरक नाही. जीव गेला तरी चालेल."

"तुमच्या घरात टेबलावर जेवतात?"

"नाही... मुंबईहून मागवलंय."

अक्का हसल्या नाहीत. रवी बाजूला ठेवली, उठल्या. आतून एक वाटी आणली आणि एक मडकं. दोन्ही त्याच्यापुढं आदळली.

"शेजारणीकडचं विरजण आहे. तिच्यासारखं दही गावात कुणाचं लागत नाही. चल, लाव."

त्यानं मडक्यात डोकावलं. मडकं कोरडं ठाक.

"अक्का, दूध?"

"विरजण चांगलं आहे म्हणते ना मी."

"अहो, पण नुसत्या विरजणाचं दही कसं लागेल? आपलं दूध तर..."

तो थांबला.

त्यानं नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला, पण पुढं केला नाही.

"दिगू," अक्का म्हणाल्या, "तुझी आई गेली, तेव्हा तुझ्या बापानं पहिला घास कसा खाल्ला रे?"