दमलेला रांजण

अश्मक देशात गोदेच्या काठी एका नगरात सुबाहू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने कापड निळीने रंगवणाऱ्या एका निळाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे मन शांत नव्हते. शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली ती भद्रिका नावाच्या भिक्षुणीसाठी.

भद्रिका संघात आली तेव्हाच तिचे केस पिकले होते. आपल्याला उशीर झाला, ही टोचणी तिला स्वस्थ बसू देत नसे. सकाळी ती श्वासावर ध्यान धरी, दुपारी ते सोडून मैत्रीभावना धरी, आणि संध्याकाळी मनात डोकावून पाही, की राग किती उरला, लोभ किती उरला. मन कालच्यासारखेच दिसे. मग ती कुटी बदलून पाही. इतर भिक्षुणी हसत म्हणत, "भद्रिके, आज किती बोटं वाढलीस गं?" शेवटी एका सकाळी ती भिक्षापात्र घेऊन शास्त्यांसमोर आली.

"भन्ते, हे पात्र परत घ्या. माझ्यात काही वाढत नाही. मी घरी जाते."

शास्ता म्हणाले, "जा. पण ऊन उतरू दे. तोवर एक गोष्ट ऐक." आणि त्यांनी पूर्वजन्मीची हकिकत सांगितली.

त्या नगरात निळाऱ्यांची एक आळी होती. प्रत्येक घरात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण असे. नीळ, चुन्याची निवळी, गूळ आणि टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया त्यात आंबत. हा रांजण कधीही पुरता रिकामा करीत नसत. मुलगी सासरी निघाली, की माहेरच्या रांजणातले पाणी एका मडक्यात भरून तिच्याबरोबर देत, आणि ती ते सासरी जपे. चांगल्या रांजणातले पाणी निळे नसते, पिवळट हिरवे असते. त्यातून वर काढलेले कापडही हिरवेच दिसते. ते वाऱ्यावर धरले, की पाहता पाहता निळे होत जाते.

बोधिसत्त्वाचे नाव पालित होते. त्याचा बाप आळीतला पहिला निळारी. दर भाद्रपदात इंद्रध्वजावर पावसाळी ढगासारखे गडद निळे जे लांब वस्त्र चढे, त्याचा रंग याच घरातून जाई, आणि म्हणून घाटावरची सर्वांत वरची शिळा याच घराकडे होती. तिथे पाणी स्वच्छ. जसजसे खाली जावे, तसतसे वरच्यांनी धुतलेले गढूळ पाणी वाट्याला येई. ज्याचे ध्वजवस्त्र फिके निघेल त्याने वरची शिळा सोडून शेवटच्या जागी जायचे, असा आळीचा नियम होता. बाप वारला आणि त्या वर्षी वस्त्र पालितच्या हाती आले.

काम त्याला येत होते. पण आपल्याला येते, यावर त्याचा विश्वास नव्हता. दाराच्या चौकटीला बापाने रंगवलेली एक चिंधी बांधलेली होती. ती इतकी गडद होती, की सावलीत काळी दिसे. पालित प्रत्येक बुडीनंतर वस्त्र त्या चिंधीशेजारी धरी आणि त्याचा चेहरा उतरे. मग तो रांजणाचे झाकण उचली. वर तांबूस साय धरली आहे ना, हे पाही. काठीने ढवळी. वास घेई. गूळ कमी वाटला म्हणून गूळ टाकी, थोड्या वेळाने चुना कमी वाटला म्हणून चुना टाकी. झाकण ठेवून ओसरीपर्यंत जाई आणि तिथूनच परत फिरे.

त्याची बायको लवणिका सूत सोडवत बसली होती. ती म्हणाली, "अहो, रांजण आहे तो, पाळण्यातलं मूल नव्हे. सारखं पांघरूण काय काढताय?"

"साय नीट धरत नाहीये."

"धरेल कशी? धरली, की तुम्ही काठी घालताय."

"तुला काय कळणार! बाबांचा हात माझ्या हाताला नाही."

"मीसुद्धा निळाऱ्याचीच लेक आहे हो. हात मलाही आहेत," लवणिका म्हणाली. "फक्त मी ते अधूनमधून मांडीवर ठेवते."

पालितला हसू आले नाही. उत्सव जवळ येत होता. वस्त्र वाऱ्यावर पुरते निळे होण्याआधीच तो ते पुन्हा बुडवू लागला. त्याने रंग चढण्याऐवजी डाग पडले. डाग जावेत आणि रंग गडद व्हावा म्हणून एके दिवशी त्याने वस्त्र सकाळी रांजणात टाकले ते दुपारपर्यंत तसेच ठेवले. आळीतला नवखा माणूसही असे करीत नाही. फार वेळ ठेवले, तर रांजण दिलेला रंग परत घेतो. पालितला हे ठाऊक होते, पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेले ऐन वेळी आठवत नाही. वस्त्र वर काढले तेव्हा ते सकाळपेक्षा फिके होते. आणि रांजणातले पाणी निळे पडले होते. वारा लागून लागून त्यातला जीव गेला होता. याला आळीत रांजण दमला असे म्हणत. आजोबांच्या वेळेपासून जागता असलेला रांजण पालितच्या हातून दमला.

तो काठावर बसून राहिला. शेजारचा कुबेरक, घाटावरच्या दुसऱ्या शिळेचा मानकरी, आत डोकावला.

"काय पालित, रांजणाशी बोलणं चाललंय की भांडण?" मग त्याने पाणी पाहिले आणि आवाज उतरवला. "ऐक. काजळ घे, डिंकात कालव, आणि वस्त्रावरून हात फिरव. उत्सव होईपर्यंत ढगासारखं दिसेल. नंतर कोण धुऊन बघतंय?"

"तू हे मला का सांगतोस? माझी शिळा गेली, तर ती तुझ्याकडेच येणार."

"तुझ्या बापाचं मीठ खाल्लंय मी. ती शिळा मला हवी आहे की नको, तेच मला कळेनासं झालंय," असे म्हणून कुबेरक निघून गेला.

पालितने काजळ कालवले. वस्त्राच्या एका कोपऱ्यावर हात फिरवला आणि तो कोपरा चिंधीशेजारी धरला. दोन्ही सारखे दिसले. आता जीव थाऱ्यावर यावा, पण झाले उलटेच. आतापर्यंत फक्त रंग फिका पडण्याची भीती होती. आता कुणी ओल्या हाताने वस्त्राला शिवेल, अशीही भीती वाटू लागली. काळे झालेले बोट त्याने धोतराला पुसले आणि ते तिथेही उमटले.

लवणिका हे पाहत होती. तिने उठून चौकटीची चिंधी सोडली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही कधी रंगली, ठाऊक आहे?"

"बाबांनी रंगवली."

"ते झालं. पण कधी?"

पालितने नकारार्थी मान हलवली.

"मी या घरात आले तेव्हा ही फिकट आकाशी होती. मामंजी कुणाचंही वस्त्र बुडवायचे, की जाता जाता हीसुद्धा बुडवायचे आणि काठीवर लटकवून ठेवायचे. तुम्ही तेव्हा घाटावर धूत असायचात. अंथरुणाला खिळेपर्यंत बुडवली त्यांनी. आणि तुम्ही तुमच्या पहिल्या वर्षाचं वस्त्र त्यांच्या सगळ्या जन्माशेजारी धरताय."

पालितने चिंधी उलटसुलट करून पाहिली. "मग आता मी काय करू? उत्सव दारात आलाय आणि रांजण गेला."

"गेला नाही, दमलाय." लवणिकाने परसातून तिचे माहेरचे मडके आणले. त्यातले अर्धे पाणी तिने अलगद रांजणात सोडले, मूठभर गूळ टाकला, झाकण ठेवले आणि सूत घेऊन ती झाकणावरच बसली. "आता उघडायचं असेल, तर आधी मला उठवा." आणि सूत सोडवता सोडवता ती आईकडून ऐकलेल्या चालीवर आपली ओवी जुळवू लागली:

"उघडून बघता रांजण दमतो, झाकून ठेवता जागा होतो;
बुडव, उचल, वाऱ्यावर धर, रंग आपल्या पावली येतो."

पालितने काजळ लावलेला कोपरा धुऊन टाकला. त्याची तगमग थांबली नाही. तो अंगणात फेऱ्या घालत राहिला. लवणिकाने बसल्या जागेवरून त्याला टाकळ्याच्या बियांचे सूप दाखवले, तेव्हा तो बिया पाखडू लागला. निदान हात तरी रांजणाकडे जाईनासे झाले.

रांजण जागा झाला तेव्हा उत्सवाला थोडाच अवधी उरला होता. पालितने वस्त्र बुडवले, उचलले आणि वाऱ्यावर धरले. शेवटची हिरवी छटा जाईपर्यंत त्याने ते खाली घेतले नाही. भीती होतीच. तो तिच्यासकट उभा राहिला. अशा मोजक्याच बुड्या झाल्या.

इंद्रध्वज उभा राहिला तेव्हा त्यावरचे वस्त्र धुतलेल्या आकाशाइतकेच निळे होते. गर्दीतून कुणी ओरडले, "इंद्राला ताप आलाय वाटतं!" दुसरा म्हणाला, "अहो, कुणाचं उपरणं वाळत घातलंय?"

राजाने पालितला बोलावून विचारले, "निळाऱ्या, यंदा ढग कुठे गेला?"

"महाराज, माझ्या उतावळेपणानं रांजण दमला. रंग फिका आहे, पण आहे तेवढा खरा आहे. उत्सव झाला, की हे वस्त्र मला परत द्यावं. मी त्याला पुढे बुडवत राहीन."

फिके वस्त्र दुसऱ्या कुणाला नकोच होते. राजाने ते त्याला दिले. वरची शिळा कुबेरकाकडे गेली आणि पालित घाटाच्या टोकाला, सर्वांच्या खाली धुऊ लागला.

वर्षभर त्याने एवढेच केले. कुणाचेही कापड रंगवून झाले, की तो ध्वजाच्या वस्त्राला एक बुडी देई, वाऱ्यावर धरी आणि घडी घालून ठेवी. शेजारी धरून पाहत नसे. बापाची चिंधीही तो त्याबरोबर बुडवी. कित्येकदा बुडीचा काही फरक दिसत नसे. कित्येकदा जुनी भीती उसळे आणि हात झाकणाकडे जाई. तेव्हा तो बिया पाखडायला बसे. लवणिका म्हणे, "आज टाकळ्याचं नशीब उघडलं!" आणि आता त्याला हसू येई.

पुढचा भाद्रपद जवळ आला तेव्हा वस्त्र सावलीत काळे दिसू लागले होते.

त्याच सुमारास कुबेरक आला. त्याचे डोळे खोल गेले होते. "पालित, माझा रांजण निळा पडला रे. नव्या वस्त्रावर नुसते डाग पडलेत. उत्सव चुकेल या धास्तीनं मी सारखा—"

"उघडून बघत होतात," लवणिका म्हणाली. "शिळेबरोबर घोरही गेला म्हणायचा तुमच्याकडे!"

आपण नुसते गप्प राहिलो, तर कुबेरकाचा ध्वज फिका निघेल आणि बापाची शिळा आपल्याकडे परत येईल, हा विचार पालितच्या मनात आला. तो विचार बराच वेळ तिथे बसून होता. त्याला हाकलण्याची धडपड पालितने केली नाही. त्याने उठून आपल्या रांजणातले पाणी मडक्यात भरले आणि दुसऱ्या हातात आपले गडद वस्त्र घेतले.

कुबेरकाच्या घरी त्याने ते पाणी दमलेल्या रांजणात सोडले, झाकण ठेवले आणि तो त्यावर बसला. कुबेरक येरझाऱ्या घालू लागला, तेव्हा त्याने बायकोची ओवी म्हटली आणि त्याच्या हाती सूप दिले. रांजण जागा झाल्यावर तो म्हणाला, "नवं वस्त्र राहू दे. तेही पुढच्या वर्षी होईल. या जुन्या वस्त्राला शेवटची बुडी तुझ्या रांजणात दे."

त्या वर्षी ध्वजावर ढग उतरला. राजाने विचारले, "हा रंग कोणत्या घराचा?"

पालित म्हणाला, "शेवटची बुडी कुबेरकाची, महाराज."

म्हणून शिळा कुबेरकाकडेच राहिली. दुसऱ्या सकाळी कुबेरक शिळेच्या एका बाजूला सरकून बसला आणि घाटाच्या टोकाकडे पाहून ओरडला, "अरे पालित, तिथं गढुळात काय करतोयस? इकडे ये की! शिळा काय माझ्या एकट्याच्या मापाची आहे?" त्यानंतर दोन्ही घरे तिथेच धुऊ लागली. आणि त्या नगरात ध्वजासाठी दरवर्षी नवे वस्त्र रंगवण्याची रीत बंद झाली. गेल्या वर्षीचेच वस्त्र उतरवून आळीतले प्रत्येक घर त्याला एकेक बुडी देऊ लागले.

कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी जन्मांची गाठ घातली. "तेव्हाचा कुबेरक म्हणजे आज तिथे बसलेला भिक्षू पुण्णिक. सुबाहू राजा म्हणजे दाराशी बसलेला हा वृद्ध उपासक. आणि उतावळा पालित मीच होतो."

भद्रिकेने मान खाली घातली होती. ती म्हणाली, "भन्ते, उरलेलं कळलं मला. तो दमलेला रांजण मीच असेन."

"नाही," शास्ता म्हणाले. "त्याच्या झाकणावर बसली होतीस ती तू. ओवी तुझी आहे, भद्रिके. मी ती तुझ्याकडून घेतली, आणि अनेक जन्म ती मला पुरली. आज तुझी तुला परत देतो."

ऊन उतरले, तरी भद्रिका उठली नाही. मग तिने पात्र उचलले आणि ती आपल्या जुन्याच कुटीकडे गेली. त्या संध्याकाळी राग किती उरला, लोभ किती उरला, हे तिने पाहिले नाही. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसली.

रोजचे काम करून, त्याचा रंग दिसण्याआधी, भीतीसकट वाऱ्यावर उभे राहायला जे बळ लागते, त्या पारमितेचे, म्हणजे जन्मोजन्मी जोपासायच्या गुणाचे, नाव क्षांती.