साळुंकीचे दोन निरोप

फार पूर्वी एका रानात हत्ती राज्य करायचा. साळुंकीने कुणाची अडचण त्याच्या कानावर घातली, की तो स्वतः उठून मदतीला जायचा. हत्ती वारला आणि कासव राजा झालं.

"मला सगळं झेपणार नाही," ते म्हणालं. "पाण्याचं पाणमांजर बघेल, खोदकामाचं रानडुक्कर. मी फक्त निरोप पोहोचवीन."

दुसऱ्याच दिवशी, राजा बदलल्याचं ठाऊक नसलेल्या आंधळ्या हरिणीने नेहमीसारखी हाक मारली, "साळुंके, पिल्लू तापलंय गं. राजाला म्हणावं, दारात पाणी हवंय."

साळुंकी कासवाकडे गेली. "निरोप कुणाला देऊ?" त्याने विचारलं. हरिणीलाच नवी रीत शिकायला सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण पिल्लाची धाप तिला आठवली.

थोडा विचार करून ती म्हणाली, "रानडुकराला हरिणीच्या दारापर्यंत चर खणायला सांगा. तो झाला, की पाणमांजराला ओढ्याचा बांध मोकळा करायला सांगा." दोघांचा होकार येईपर्यंत ती जागची हलली नाही.

पाणी आलं. पिल्लाने त्यात तोंड घातलं.

"आपला राजा पूर्वीसारखाच मायाळू आहे बघ!" हरिणी म्हणाली.

साळुंकी म्हणाली, "हो गं. आणखी काही लागलं, तर अशीच हाक मार."